इस्रोचं तंत्रज्ञान घेऊन वैद्यकीय यंत्र बनवायचंय? मराठवाड्यातल्या लघुउद्योजकांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या आवारात, अंबाजोगाईला, लातूरला, नांदेडला लोक ज्या दोन गोष्टींसाठी रात्र रात्र फोन लावत होते, त्या म्हणजे ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर. त्याच दिवसांत तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रातले, एरवी रॉकेट बांधणारे अभियंते तीन प्रकारचे व्हेंटिलेटर आणि एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तयार करून बसले होते. जून २०२१ मध्ये इस्रोने ते जाहीर केले आणि ही यंत्रं बनवायला कोण तयार आहे, अशी विचारणा उद्योगांकडे केली.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत व्हॉल्व्ह, पाइप फिटिंग, न्यूमॅटिक सिलिंडर, सीएनसीवरचे बारीक सुटे भाग रोज तयार होतात. हात आहेत, मशीन आहेत. अडतं ते कागदावर. वैद्यकीय यंत्राचा परवाना साथ आल्यावर आठ दिवसांत मिळत नाही, त्यामुळे ही फाइल साथ नसताना तयार करायची असते. माझं सगळं सांगणं याच एका मुद्द्यावर आहे.

अवकाशवाल्यांचा श्वासाशी संबंध काय?

रॉकेटमध्ये वायू आणि द्रव ठरलेल्या दाबाने, ठरलेल्या क्षणी, एक थेंबही गळू न देता सोडावा लागतो. व्हेंटिलेटरचं कामही तेच, फक्त दाब फार कमी आणि समोर माणसाचं फुप्फुस. म्हणून व्हॉल्व्ह, दाबमापक सेन्सर आणि नियंत्रण प्रणाली हाताळणाऱ्यांना हे काम परकं नव्हतं. तीन यंत्रांपैकी ‘प्राण’ अम्बू बॅग, म्हणजे एरवी हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, यांत्रिक पद्धतीने दाबतं. ‘वाउ’मध्ये ब्लोअर असल्याने खोलीतली हवा गाळून वापरता येते. ‘स्वस्त’ वायूच्या दाबावर चालतं, त्याला वीज लागत नाही. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांतली वीज आणि तिथून जिल्ह्याच्या गावापर्यंतचा रुग्णवाहिकेतला प्रवास ज्यांनी पाहिलाय, त्यांना या तिसऱ्या यंत्राचं मोल वेगळं सांगायला नको. ‘श्वास’ नावाचा कॉन्सन्ट्रेटर दाब कमी-जास्त करत हवेतला नायट्रोजन बाजूला काढतो आणि मिनिटाला १० लिटरपर्यंत ऑक्सिजनयुक्त हवा देतो. दोन रुग्णांना एका वेळी पुरेल एवढी. महेंद्रगिरीच्या प्रॉपल्शन कॉम्प्लेक्समधून तर क्रायोजेनिक इंजिनासाठी लागणारा द्रवरूप ऑक्सिजनच दुसऱ्या लाटेत तमिळनाडू आणि केरळकडे गेला.

अमेरिकेत हेच एक वर्ष आधी घडलं होतं. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने ३७ दिवसांत ‘व्हायटल’ नावाचा व्हेंटिलेटर तयार केला. ३० एप्रिल २०२० ला तिथल्या औषध प्रशासनाने त्याला आपत्कालीन वापराची परवानगी दिली. लॅबोरेटरी चालवणाऱ्या कॅलटेक संस्थेने त्याचं लायसन्स विनामूल्य दिलं. भारतातल्या तीन कंपन्यांना ते मिळालं आणि त्यातली एक पुण्याची भारत फोर्ज. म्हणजे हा रस्ता महाराष्ट्राने आधीच एकदा पाहिलेला आहे.

दोन दरवाजे, दोन वेगळे अर्ज

इथे बहुतेकांचा घोळ होतो. इस्रोकडून तंत्रज्ञान मिळालं म्हणजे यंत्र विकायची परवानगी मिळाली, असा समज असतो. तसं नाही. पहिला अर्ज तंत्रज्ञान हस्तांतरणाचा, अवकाश विभागाच्या बाजूला. दुसरा अर्ज वैद्यकीय उपकरण उत्पादनाच्या परवान्याचा, आरोग्य मंत्रालयाखालच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे म्हणजे सीडीएससीओकडे. पहिल्या दरवाजातून ड्रॉइंग मिळतं. रुग्णाच्या जिवाची जबाबदारी दुसऱ्या दरवाजातून आत गेल्यावर तुमच्या नावावर येते.

पहिला दरवाजा: तंत्रज्ञान हस्तांतरण

२०२१ च्या त्या जाहिरातीची मुदत केव्हाच संपली. जुनी पीडीएफ व्हॉट्सअॅपवर अजून फिरत असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका. आता हे काम दोन संस्थांमार्फत चालतं: अवकाश विभागाची व्यावसायिक कंपनी न्यूस्पेस इंडिया लिमिटेड, म्हणजे एनसिल, आणि खासगी उद्योगांना अवकाश क्षेत्रात वाट करून देणारी अहमदाबादची सरकारी संस्था इन-स्पेस. हस्तांतरणासाठी उपलब्ध असलेल्या तंत्रज्ञानांची यादी इन-स्पेसच्या संकेतस्थळावर असते. त्यात रसायनं आहेत, चिकटद्रव्यं आहेत, सेन्सर आहेत, इलेक्ट्रॉनिक्स आहे, आरोग्याशी जोडलेल्या वस्तूही आहेत. आधी यादी नीट वाचा. आपल्या शेडला झेपेल ते निवडा. अर्ज इन-स्पेसच्या डिजिटल प्लॅटफॉर्मवर ऑनलाइन भरायचा.

पात्रतेचा गाभा साधा आहे. संस्था भारतात नोंदलेली हवी आणि तुम्ही ते बनवू शकता हे कागदावर दिसलं पाहिजे. प्रत्येक तंत्रज्ञानाच्या अटी मात्र वेगळ्या असतात, म्हणून त्या त्या जाहिरातीतला पात्रतेचा रकाना दोनदा वाचावा. साधारणपणे ही फाइल लागते:

– कंपनी, एलएलपी किंवा भागीदारीचा नोंदणी दाखला, पॅन, जीएसटी
– उद्यम नोंदणी, आणि स्टार्टअप असाल तर केंद्राच्या उद्योग विभागाची (डीपीआयआयटी) मान्यता
– सीएने तपासलेले मागच्या काही वर्षांचे ताळेबंद
– मशिनरीची यादी, जागेचा पुरावा (एमआयडीसीचा भूखंड असेल तर वाटपपत्र किंवा भाडेकरार)
– तांत्रिक माणसांची नावं, शिक्षण, अनुभव
– गुणवत्तेचं प्रमाणपत्र असेल तर ते
– सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव

उद्यम नोंदणी फुकट असते. आधार, पॅन आणि जीएसटी क्रमांक असला की ती घरबसल्या होते. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असेल तर सूक्ष्म उद्योग, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. आपली जुनी नोंद या नव्या मापात कुठे बसते ते एकदा तपासून घ्या.

मशिनरीच्या यादीबद्दल एक कळकळीची सूचना. ‘लेथ – ४ नग’ असं लिहून पाठवू नका. किती मायक्रॉनची अचूकता मिळते, कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, गळती तपासायची सोय काय, हे लिहा. अर्ज वाचणारा माणूस अभियंता असतो आणि त्याला नेमकं हेच पाहायचं असतं. तुमच्याकडे मोजमापाची सोय अपुरी असेल तर वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर आणि चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम जवळच आहेत. तिथे कोणती सोय वापरता येईल ते आधी विचारून फाइलमध्ये तसं नमूद करा.

निवड झाली की करार होतो. सहसा त्यात एनसिल, इन-स्पेस आणि तुम्ही असे तीन पक्ष असतात. शुल्क किंवा रॉयल्टी किती, हे तंत्रज्ञानानुसार ठरतं. लायसन्स तुम्हाला एकट्यालाच आहे की इतरांनाही दिलं जाणार, सुधारणा केल्यास तिचा हक्क कुणाचा, प्रशिक्षण किती दिवस, ही तीन कलमं सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा.

दुसरा दरवाजा: उत्पादनाचा परवाना

इथे खरा वेळ जातो, म्हणून इथे थोडं थांबू.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत. धोक्यानुसार चार वर्ग: ए, बी, सी, डी. ए आणि बी वर्गाचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, सी आणि डी वर्गाचा केंद्र. व्हेंटिलेटर सी वर्गात मोडतो. सी आणि डी वर्गासाठी परवाना १ ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीचा आहे. २०२० मध्ये जशी घाईघाईत यंत्रं जुळवली गेली, तसं आता कायद्याने करता येणार नाही. आणि ते बरंच आहे. सदोष व्हेंटिलेटरचा प्रश्न २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला होता, हे इथल्या कुणीही विसरलेलं नाही.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा चाचणीपुरते नग बनवण्याचा परवाना काढा. अर्जाचा फॉर्म एमडी-१२, परवान्याचा फॉर्म एमडी-१३. याशिवाय नमुना म्हणूनही यंत्र बनवू नका. त्या नमुन्यांवर विद्युत सुरक्षितता आणि कार्यक्षमतेच्या चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्यायच्या. मग उत्पादनाचा अर्ज एमडी-७, परवाना एमडी-९. सी-डी वर्गासाठी शुल्क जागेमागे ५०,००० रुपये आणि प्रत्येक वेगळ्या उपकरणामागे १,००० रुपये. ए-बी वर्गाचं यंत्र निवडलं असेल तर अर्ज एमडी-३, परवाना एमडी-५, आणि शुल्क ५,००० अधिक ५००. दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेणार असाल तर लोन लायसन्सचे फॉर्म वेगळे आहेत: बी वर्गापर्यंत एमडी-४, त्यावर एमडी-८.

एमडी-७ सोबत मुख्य दोन फाइली जोडायच्या. एक कारखान्याची: नकाशा, माणसं, मशीन, पाणी-हवा-वीज, स्वच्छता. दुसरी उपकरणाची: रचना, वापरलेलं साहित्य, जोखमीचं विश्लेषण, चाचणी अहवाल, लेबल, वापराची पुस्तिका. गुणवत्ता व्यवस्था नियमांच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे हवी. ज्यांनी आयएसओ १३४८५ हे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं मानक केलंय त्यांना ती ओळखीची वाटेल. वाहन उद्योगाचं प्रमाणपत्र तुमच्याकडे असेल तर शिस्त आहे असं समजा, पण ते इथे चालत नाही.

माणसांची अटही आहे. उत्पादन आणि चाचणीवर देखरेख करणारा अभियांत्रिकी, फार्मसी किंवा विज्ञानाचा पदवीधर असून त्याला वैद्यकीय उपकरणांचा किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. पदविकाधारक असेल तर चार वर्षांचा. मराठवाड्यात असा माणूस सापडणं हीच सगळ्यात मोठी अडचण आहे, मशीन नव्हे. जिल्ह्याच्या रुग्णालयांत यंत्रं दुरुस्त करणारे बायोमेडिकल तंत्रज्ञ बघा, बाहेरगावी गेलेल्या आपल्या मुलांना विचारा. नेमणूक पत्राशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही.

अर्ज गेल्यावर ६० दिवसांच्या आत केंद्राचे अधिकारी तपासणीला यायची तरतूद आहे. ते रजिस्टर उघडून तारखा बघतात. आदल्या रात्री एका पेनाने भरलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं, तेव्हा रोजच्या रोज लिहा. परवान्याची मुदत संपत नाही, पण दर पाच वर्षांनी तो टिकवण्याचं शुल्क भरावं लागतं. ती तारीख चुकवलेल्यांना विलंब शुल्क पडतं, आणि फार उशीर झाला तर परवानाच जातो.

मदत कुठे मागायची

छत्रपती संभाजीनगर शहरात मासिआ आणि सीएमआयए या उद्योजकांच्या संघटना आहेत. नवउद्योजकांसाठी मॅजिक हे इन्क्युबेशन केंद्र आहे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा शहरातल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात नियंत्रण प्रणालीचे प्राध्यापक मिळतील. सगळं एकट्याने करायचा हट्ट नको. जालन्याच्या एखाद्याने धातूचे भाग, वाळूजच्या एखाद्याने जुळणी, असं एकत्र आलात तरी परवाना मात्र एकाच्याच नावावर असेल. म्हणून जबाबदारी कुणाची हे आपसातल्या करारात पहिल्याच पानावर लिहा.

विक्री सरकारी रुग्णालयांना करायची असेल तर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी करा. आणि नमुना तयार झाला की, उत्पादन परवान्याचा अर्ज भरण्याआधीच, तो जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या भूलतज्ज्ञांना आणि आयसीयूतल्या परिचारिकांना दाखवा. रुग्णाला जोडायचा नाही, नुसता टेबलावर ठेवायचा. अलार्मचा आवाज वॉर्डातल्या गोंगाटात ऐकू येतो का, हातमोजे घालून बटण दाबता येतं का, नळी कुठे अडकते, हे त्या पाच मिनिटांत सांगतील. त्यांनी सांगितलेला प्रत्येक बदल तारखेसह जोखमीच्या विश्लेषणाच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवा. एमडी-७ भरताना तीच पानं लागतात.