खरिपातलं ऊन आणि मुलांचं गणित

मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याच्या वर्गखोलीत बसून पाहा. उन्हात तापलेला पत्रा खोलीतली हवा तर तापवतोच, शिवाय खाली बसलेल्या मुलांवर अवरक्त किरणांच्या रूपात थेट उष्णता फेकत राहतो. म्हणून खिडक्या सताड उघड्या असल्या तरी टाळू तापलेलीच राहते. पंखा असला तर तो पत्र्याखाली साचलेली गरम हवा खाली ढकलतो. वीज गेली की तेवढंही वारं नाही. शरीराला आपलं तापमान 37 अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. त्यासाठी ते रक्त त्वचेकडे वळवतं आणि घाम गाळतं. पोटात पाणी पुरेसं नसेल तर डोकं जड होतं, लक्ष उडतं. त्यात अनेक शाळांमधली स्वच्छतागृहं वापरण्याजोगी नसतात, म्हणून मुली दिवसभर पाणीच बेताने पितात. त्याच दुपारी, त्याच तालुक्यात, स्लॅबच्या थंड खोलीत शिकणारं मूलही असतं. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र दोघांनाही तेवढीच अवघड असते.

उष्णतेने डोकं चालेनासं होतं हे मोजूनही दाखवता आलं आहे. 2016च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये उष्णतेची लाट आली होती. तेव्हा संशोधकांनी 44 निरोगी तरुण विद्यार्थ्यांच्या रोज सकाळी छोट्या चाचण्या घेतल्या. काही जण वातानुकूलित वसतिगृहात राहत होते, काही साध्या. साध्या खोल्यांत झोपणाऱ्यांना उत्तर द्यायला सुमारे 13 टक्के जास्त वेळ लागला आणि बेरीज-वजाबाकीतही ते मागे पडले. रात्री नीट झोप झाली नाही की दुसऱ्या दिवसाचा अभ्यासही बिघडतो, तो असा.

याहून मोठा अभ्यास जोशुआ गुडमन, जिसुंग पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांचे गुण तपासले. हे विद्यार्थी एकच परीक्षा एकापेक्षा जास्त वेळा देणारे होते, त्यामुळे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच करता आली. शाळेत वातानुकूलन नसेल तर वर्षाचं तापमान 1 अंश फॅरनहाइटने, म्हणजे साधारण अर्ध्या अंश सेल्सिअसने जास्त असलं की त्या वर्षीचं शिकणं सुमारे 1 टक्क्याने घटतं, असं त्यांना आढळलं. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं नुकसान गोऱ्या मुलांच्या जवळपास तिप्पट होतं. जिथे वर्ग थंड ठेवले जात होते, तिथे हे नुकसान जवळजवळ नाहीसं झालं होतं.

मग भारतातही हेच घडत असणार, शाळांत पंखे-कूलर बसवले की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याकडच्या आकड्यांतून निघालेली गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

तीव्रत गर्ग, मौलिक जगनानी आणि विस तराझ या तिघांनी ग्रामीण मुलांना वाचन-गणित कितपत येतं हे पाहणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणातल्या चाचण्यांची तापमानाशी सांगड घातली. 'असर'ची चाचणी शाळेत होत नाही. स्वयंसेवक गावात घरोघरी जातात, ओसरीवर मुलाजवळ बसतात आणि त्याला अक्षरं, शब्द, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचायला देतात. हातच्याची वजाबाकी आणि एका अंकाने भागाकार करायला सांगतात. हे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान चालतं. तिथे वर्गातल्या उकाड्याचा प्रश्नच येत नाही. तरीही आधीच्या वर्षात 29 अंशांहून जास्त सरासरी तापमानाचे दहा दिवस वाढले, की गणिताचे गुण 0.03 आणि वाचनाचे 0.02 प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाने) उतरलेले दिसले. आकडा इवलासा आहे. पण तो अवघ्या दहा दिवसांचा आहे, आणि आपल्याकडचे तापलेले दिवस वाढतच चालले आहेत.

खरा धक्का पुढे आहे. हे नुकसान मुख्यतः पिकं शेतात उभी असतानाच्या उष्ण दिवसांशी जोडलेलं निघालं. शेत रिकामं असतानाच्या उन्हाचा परिणाम त्या मानाने फारच कमी होता. म्हणजे ऊन आधी पिकावर पडतं. उतारा घटतो, हातात पैसा येत नाही, दूध-डाळ कमी होते, वह्या-शिकवणी लांबणीवर पडते, आणि शेवटी भागाकार चुकतो. मोठ्या शहरात पगारावर चालणाऱ्या घरातल्या मुलालाही ऑगस्टच्या उघडिपीत उकडतं, पण त्याच्या ताटातलं काही कमी होत नाही.

याच अभ्यासातला एक निष्कर्ष महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. राष्ट्रीय रोजगार हमी योजना (रोहयो) 2006 मध्ये आधी 200 जिल्ह्यांत आली आणि 2008पर्यंत टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचली. त्यामुळे योजना आधी मिळालेले आणि नंतर मिळालेले जिल्हे ताडून पाहता आले. जिथे रोहयोची कामं सुरू झाली, तिथे तापमान आणि गुण यांच्यातला धागा बराच सैल पडला होता. 1972च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आपल्या राज्यात उभी राहिलेली आणि 1977 मध्ये कायद्याने पक्की झालेली हीच रोजगार हमीची कल्पना खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या हातांसाठी होती. तिने मुलांचं गणितही सावरलं, हे कळायला इतकी वर्षं जावी लागली.

अर्थात गरिबी आणि शिक्षण यांचं नातं एका सरळ रेषेत चालत नाही. मनीषा शाह आणि ब्राइस स्टाइनबर्ग यांनी ग्रामीण भारतात पावसाचा हिशेब मांडला, तेव्हा उलटंच दिसलं. चांगल्या पावसाच्या वर्षी शाळकरी मुलांची हजेरी आणि गणिताचे गुण घसरत होते. शेतात काम असतं, मजुरी वाढते, मग मुलंही खुरपणी-वेचणीला जातात किंवा घरी धाकट्यांना सांभाळतात. मात्र पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांना चांगला पाऊस लाभला, ती मुलं पुढे शाळेत सरस ठरली. एकाच हवामानाचा परिणाम मुलाच्या वयानुसार असा बदलतो.

आणि दुष्काळात मूल शाळेत टिकतं म्हणावं, तर मराठवाड्यातला ऊसतोडीचा अनुभव आडवा येतो. खरीप हातचा गेला की मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेणं भाग पडतं, आणि उचल घेतली की कोयत्याबरोबर सगळं घर निघतं. बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. शाळेचं निम्मं वर्ष त्यात जातं. फडाजवळच्या कोपीत दहा वर्षांची मुलगी पाचटाच्या सावलीत तान्ह्या भावाला घेऊन बसते, दुपारी वाढे (उसाचे शेंडे) गोळा करते. गावच्या हजेरीपटावर तिचं नाव असतंच.

यासाठी कारखान्यांजवळ साखरशाळा झाल्या, स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं, आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच सांभाळणारी हंगामी वसतिगृहं आली. यांत वसतिगृह मला सर्वांत भरवशाचं वाटतं, कारण मूल आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गात राहतं. पण ते टोळी निघायच्या आधी उघडलं तरच उपयोगाचं. पोराला कुणाच्या हवाली करायचं याची खात्री नसेल तर आई त्याला गाडीत बसवणारच, आणि महिन्याभराने वसतिगृह सुरू झाल्याचं कळलं तरी फडातून त्याला परत आणून सोडणार कोण?

2024 हे नोंदींमधलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. युनिसेफच्या मोजणीनुसार त्या वर्षी 85 देशांतल्या किमान 24 कोटी 20 लाख विद्यार्थ्यांची शाळा हवामानामुळे खोळंबली, आणि त्यात उष्णतेच्या लाटांचा वाटा सर्वांत मोठा होता. आपल्याकडे पहिला उपाय म्हणून सकाळची शाळा आणि सुट्टी पुढेमागे करणं सुचतं, ते योग्यच आहे. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये बाकी राज्याच्या नंतर उघडतात त्या यामुळेच. पत्र्यावर चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात मारला तरी ऊन परतवलं जातं आणि वर्ग काही अंशांनी निवतो. एका शाळेचा हा खर्च ग्रामपंचायतीला झेपण्यासारखा आहे. खरिपातल्या उन्हाचं नुकसान मात्र शाळेच्या आवारात भरून येणारं नाही. ज्या तालुक्यात ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली आणि पिकं करपली, तिथे रोहयोची कामं कधी निघतात आणि हंगामी वसतिगृहाची यादी कधी मंजूर होते, याच्या तारखा शिक्षण विभागाने कृषी विभागाच्या शेजारी बसून सप्टेंबरमध्येच ठरवायला हव्यात. साखर कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर निघालेला आदेश बीडच्या त्या मुलीपर्यंत पोहोचत नाही.