विवाल्दीचा ‘ग्लोरिया’: खर्जाची ओळ कोणाची?

इटालियन संगीतकार विवाल्दीचा डी मेजरमधला ‘ग्लोरिया’ (देवाच्या स्तुतीचं लॅटिन चर्चगीत; त्याच्या रचनांच्या सूचीत आरव्ही ५८९) साधारण १७१५चा मानतात. व्हेनिसच्या पिएता अनाथालयातले गायनप्रमुख १७१३ मध्ये रजेवर गेले ते परतलेच नाहीत. मग वाद्य शिकवणाऱ्या विवाल्दीवर चर्चसंगीत रचायची वेळ आली आणि १७१५ मध्ये व्यवस्थापकांनी त्यासाठी त्याला ५० डुकाट (तिथली नाणी) वेगळे दिले. बारा भागांतली शेवटची फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाज उचलतात अशी रचना) दुसऱ्या एका संगीतकाराच्या १७०८च्या ‘ग्लोरिया’वरून बेतलेली आहे.

विवाल्दी १७४१ मध्ये वारला आणि ही रचना जवळजवळ दोनशे वर्षं कोणाच्या कानावर पडली नाही. १९२६ मध्ये इटलीतल्या एका धार्मिक शाळेने इमारतीच्या दुरुस्तीसाठी जुन्या वह्या विकायला काढल्या, तेव्हा विवाल्दीची हस्तलिखितं सापडली. उरलेला अर्धा संग्रह १९३० मध्ये मिळाला. दोन कुटुंबांनी लहानपणीच गेलेल्या आपापल्या मुलाच्या स्मरणार्थ हे दोन्ही भाग विकत घेऊन तोरिनोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिले. सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध नुकतंच पेटलेलं असताना, सिएना इथे ‘ग्लोरिया’ पुन्हा गायला गेला, पण फेरफार करून. मूळ रूप १९५७ मध्ये लोकांसमोर आलं.

खरा गुंता आहे तो ‘चार आवाज’ या शब्दांचा. हस्तलिखितात सोप्रानो, आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर आणि बास (एरवी पुरुषांचे उंच आणि खर्जाचे आवाज) अशा चार ओळी आहेत. ते पाहून पुरुष हवेतच असं सगळ्यांनी धरलं. पण पिएताचा वृंद केवळ मुलींचा आणि बायकांचा. सज्जातल्या जाळीआडून त्या गायच्या. टाकून दिलेल्या बाळांना आडनाव कुठलं असणार? नावापुढे वाद्य किंवा आवाज लावायचे: ‘दाल व्हियोलीन’ (व्हायोलिनवाली), ‘दाल तेनोर’, ‘दाल बास्सो’. म्हणजे बासची ओळ गाणारी बाई तिथे होती, हे कागदावरच आहे. एकलगायनही फक्त सोप्रानो आणि आल्टोलाच दिलेलं आहे.

वाद उरतो तो सप्तकाचा. काहींच्या मते बायका बास लिहिल्या सप्तकातच गायच्या, काहींच्या मते एक सप्तक वर. मला दुसरं जास्त पटतं, कारण चेलो आणि ऑर्गन तीच ओळ खाली वाजवत असतात, त्यामुळे पाया सुटत नाही. तरी ‘दोमिने फिली’ या भागाची सुरुवात आल्टो आणि बास जोडीने करतात. तिथे बास वर नेला की दोन्ही ओळी एकमेकींत शिरतात, आणि त्या जागी लिहिलेलं सप्तकच खरं वाटू लागतं.

छापील प्रतींवर टेनर-बास वाचून गावोगावच्या स्त्री-पुरुषांच्या मिश्र वृंदांनी हा ‘ग्लोरिया’ आपला केला, आणि तो त्यांना शोभतोही. पण गेल्या काही दशकांत केवळ बायकांच्या वृंदांनी केलेली ध्वनिमुद्रणं ऐकावीत. ‘एत इन तेर्रा पाक्स’ या भागात चारही ओळी एकाच जातीच्या आवाजांत इतक्या जवळ येतात, की एक स्वर दुसऱ्याला घासून जातो तो क्षण स्पष्ट कानावर येतो.