अटी वाढवल्या की गणित सोपं होतं

गोदामं कुठे उघडायची, कोणता कर्मचारी कोणत्या विमानावर पाठवायचा, कागदाचा मोठा रोल कसा कापायचा, अशा प्रश्नांची उत्तरं पूर्ण संख्यांतच हवी असतात. गोदाम एकतर उघडतं किंवा उघडत नाही, ०.३ गोदामाला काही अर्थ नाही. हे प्रश्न रेषीय अटींच्या रूपात, म्हणजे अज्ञात संख्यांना (चलांना) ठरावीक आकड्यांनी गुणून नुसती बेरीज-वजाबाकी करणाऱ्या अटींत, मांडून सोडवणं म्हणजे पूर्णांक प्रोग्रॅमिंग.

अपूर्णांक चालणार असतील तर संगणक लाखो चलांचं असं गणितही सोडवतो. पूर्णांकांचा आग्रह धरला की मात्र १०० होय-नाही निर्णयांतून निघणाऱ्या पर्यायांची संख्या ३१ अंकी होते. ते एकेक करून तपासणं अशक्यच. १९६० मध्ये आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी वाट दाखवली. आधी पूर्णांकाची अट सोडून द्यायची आणि कमीत कमी खर्चाचं उत्तर काढायचं. मिळालेला खर्च हा खालचा अंदाज: खरं उत्तर याहून स्वस्त असूच शकत नाही. मग अपूर्णांकात आलेला एखादा निर्णय घेऊन दोन फांद्या करायच्या, एकीत तो ०, दुसरीत १. ज्या फांदीचा अंदाजच आतापर्यंत हाती आलेल्या सर्वांत स्वस्त पूर्णांक उत्तरापेक्षा महाग, ती तिथेच छाटायची. म्हणजे सगळी भिस्त या अंदाजावर आहे. तो ढिला असेल तर छाटणी होत नाही आणि झाड वाढतच जातं.

अंदाज किती घट्ट बसेल हे आपण प्रश्न कसा लिहितो यावर ठरतं, आणि या विषयाचा खरा गाभा मला इथेच दिसतो. समजा ग्राहक १०० आहेत. ‘गोदाम बंद असेल तर तिथून माल जाणार नाही’ हे एका ओळीत लिहिता येतं: या गोदामाच्या ग्राहकांची संख्या १०० × य पेक्षा जास्त नसावी. इथे गोदाम उघडं असेल तर य = १, नाहीतर ०. किंवा प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी अट लिहिता येते: त्याला इथून मिळणारा मालाचा वाटा य पेक्षा जास्त नसावा. पूर्णांकांत दोन्हींचा अर्थ एकच. पण अपूर्णांकांना मोकळीक मिळाली की पहिली मांडणी फसते. गोदाम १० ग्राहकांचा सगळा माल पुरवत असेल तरी तिला य = ०.१ पुरतो, म्हणजे उघडण्याचा खर्च फक्त एक दशांश धरला जातो. दुसऱ्या मांडणीत एकाच ग्राहकाचा सगळा माल तिथून गेला तरी य ला १ व्हावंच लागतं. एका अटीच्या जागी १०० अटी आल्या, आणि तरी एकूण काम बहुधा कमी होतं.

अशा अटी यांत्रिकपणेही शोधता येतात. प्रत्येकी ५ किलोच्या तीन वस्तू आणि ९ किलोची मर्यादा घ्या. ५ने भागलं तर निवडलेल्या वस्तूंची संख्या १.८ पेक्षा जास्त नाही. संख्या पूर्णच असणार, म्हणून ती १ पेक्षा जास्त नाही! एकही खरं उत्तर न गमावता फसवे अपूर्णांक बाहेर गेले. अशा अटीला वैध असमानता म्हणतात, किंवा नुसतं कट. राल्फ गोमोरी यांनी १९५८ मध्ये असे कट पद्धतशीर काढण्याची रीत दिली. १९८३ मध्ये क्राउडर, जॉन्सन आणि पॅडबर्ग यांनी प्रत्येक अटीकडे वरच्यासारखी वजनमर्यादा म्हणून पाहिलं, त्यातून कट काढले आणि २,७५६ होय-नाही चलांपर्यंतचे प्रश्न सोडवून दाखवले.

सगळे कट एकदम लिहायची गरजही नसते. १९५४ मध्ये डँटझिग, फल्कर्सन आणि जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांचा सर्वांत छोटा फेरा शोधला. फेरा तुटून सुटी वर्तुळं होऊ नयेत म्हणून शहरांच्या प्रत्येक गटासाठी एक अट लागते, आणि असे गट अब्जावधी. त्यांनी हाती आलेल्या उत्तरात मोडलेल्या अटी तेवढ्या घातल्या, आणि हातानं केलेल्या गणितात उत्तर सिद्ध झालं.

विघटन, म्हणजे प्रश्नाचा एक भाग तोडून वेगळा सोडवणं, दुसऱ्या बाजूनं येतं. १० मीटरच्या रोलमधून ६ मीटरचे १० तुकडे हवेत. ‘कोणत्या रोलमधून किती तुकडे’ अशी सरळ मांडणी केली तर अपूर्णांकी अंदाज ६ रोल येतो, कारण ती फक्त एकूण लांबी मोजते. प्रत्यक्षात एका रोलमधून एकच तुकडा निघतो, म्हणजे १० रोल लागतात. गिलमोर आणि गोमोरी यांनी १९६१ मध्ये चल बदलले: ‘कापण्याचा हा नमुना किती वेळा वापरायचा?’ आता शक्य तेच नमुने यादीत येतात आणि अंदाज थेट १० होतो. मोठ्या प्रश्नात नमुने कोट्यवधी असतात, पण तेही गरजेपुरतेच तयार करतात: सध्याच्या उत्तरात सुधारणा करेल असा नमुना एक छोटा उपप्रश्न शोधून देतो, आणि असा नमुना उरला नाही की थांबायचं. पूर्णांकांची अडचण त्या उपप्रश्नात अचूक सोडवली जाते, म्हणून मुख्य गणिताचा अंदाज घट्ट बसतो. विमान कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकांतही हीच पद्धत चालते. तिथे एका माणसाची अख्खी ड्युटी म्हणजे एक नमुना.

पण विघटनानं दर वेळी फायदा होतोच असं नाही. आर्थर जॉफ्रियन यांनी १९७४ मध्ये दाखवलं की उपप्रश्नाचं अपूर्णांकी गणित आपोआपच पूर्णांक उत्तर देत असेल, तर अंदाज तसूभरही सुधारत नाही. उपप्रश्न फार अवघड निवडला तर तो पुन्हा पुन्हा सोडवण्यातच वेळ संपतो. कुठला भाग तोडून वेगळा काढायचा हे म्हणूनच प्रश्नाची रचना नीट वाचून ठरवावं लागतं.