चौकशी आयोगापुढे शासकीय पत्रव्यवहार सादर करण्याचे कर्तव्य (गोवा)

सार्वजनिक महत्त्वाच्या एखाद्या घटनेची किंवा गैरव्यवहाराची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला, की त्या विषयावरची टिपणे, पत्रे, ई-मेल आणि मोबाइलवरचे संदेश मागणीनुसार आयोगापुढे ठेवणे अधिकाऱ्यांना बंधनकारक असते. चौकशी आयोग अधिनियम, 1952 हा या कर्तव्याचा पाया. गोव्यात त्याचे गांभीर्य बेकायदा खाणकामाच्या प्रकरणाने दाखवून दिले. केंद्राने नोव्हेंबर 2010 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल 7 सप्टेंबर 2012 रोजी संसदेत मांडला गेला आणि तीनच दिवसांत राज्य सरकारने खाणकाम थांबवले.

समन्स हाती आल्यावर आधी चौकशीचा प्रकार पाहावा. मे 2025 मध्ये शिरगावच्या लईराई जत्रेतील चेंगराचेंगरीनंतर सरकारने तथ्यशोधन समिती नेमली होती. अशा समितीला 1952 च्या कायद्याचे अधिकार आपोआप मिळत नाहीत. सेवेतले अधिकारी तिला कागद देतात ते वरिष्ठांच्या आदेशाने. निवृत्त अधिकारी किंवा ठेकेदार आलाच नाही, तर त्याला आणण्याचे साधन समितीकडे नसते. आयोगाला मात्र कलम 4 खाली दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात: साक्षीदाराला हजर करणे, दस्त मागवणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे, कोणत्याही कार्यालयातून सार्वजनिक अभिलेख मागवणे. कलम 5 चे जादा अधिकार, म्हणजे कोणाकडूनही माहिती मागणे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यामार्फत जागेत शिरून कागद जप्त करणे, सरकारने अधिसूचनेद्वारे दिले तरच मिळतात. म्हणून शासकीय राजपत्रातली अधिसूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. कार्यकक्षा आणि मुदतही तिथेच असते.

खरा प्रश्न असतो काय सादर करायचे याचा. फाईलचे दोन भाग असतात, टिपणांचा आणि पत्रव्यवहाराचा. खाती बहुधा पत्रव्यवहार आणि अंतिम आदेश तत्परतेने पाठवतात, टिपणे मागे राहतात. निर्णय कसा झाला हे मात्र टिपणांतच असते. परवान्याच्या नूतनीकरणाची एखादी फाईल घ्या. कारकुनाने थकबाकी आणि अपुरी कागदपत्रे नोंदवली आहेत, अवर सचिवाने ‘मंजुरी देऊ नये’ असे लिहिले आहे, वरून ‘चर्चा करावी’ असा शेरा आला आहे आणि पुढच्याच पानावर ‘चर्चेनुसार मान्य’. ही चर्चा फाईलवर नाही. ती फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा पर्वरीच्या सचिवालयातल्या एखाद्या केबिनमध्ये झाली. आयोगाला नेमकी तीच हवी असते.

माहिती अधिकाराने इथवर पोहोचता येत नाही. 2005 च्या कायद्यात ई-मेल, अभिप्राय आणि टिपणे ‘माहिती’च्या व्याख्येत येतात, पण निर्णय का घेतला याचे स्पष्टीकरण येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये ठरवले. आयोग अधिकाऱ्याला साक्षीला बसवून ते ‘का’ विचारू शकतो. सामान्य गोमंतकीयाच्या दृष्टीने आयोगाचे मोल इथे आहे.

संदेश खासगी मोबाइलवर आहेत, ही सबब टिकू नये. काम सरकारचे असेल तर संदेशही सरकारी कामाचाच. ब्रिटनमध्ये कोविड चौकशीच्या वेळी माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश न गाळता देण्यास कॅबिनेट कार्यालयाने विरोध केला होता. जुलै 2023 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अमुक मजकूर विषयाला धरून आहे की नाही, हे आधी चौकशी करणाऱ्याने पाहायचे, कागद ज्याच्याकडे आहेत त्याने नव्हे. आपल्याकडेही हाच दंडक असायला हवा.

समन्स येताच, खरे तर आयोगाची घोषणा होताच, संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय बंद करावी, फोन बदलू नये आणि पूर्ण संभाषण तारीख-वेळेसह निर्यात करून ठेवावे. स्क्रीनशॉट पुरेसा नसतो. त्यात मागचा-पुढचा संदर्भ तुटतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश मूल्य (नोंदीत फेरफार झाला तर बदलणारा सांकेतिक आकडा) द्यावे लागते. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत.

कागदी फाईलीची पाने क्रमांकित करून यादी जोडावी, आवक-जावक नोंदवहीशी ताळा करावा आणि आयोगाच्या कार्यालयाची पोच घ्यावी. कागद सापडत नसेल तर ‘उपलब्ध नाही’ एवढे लिहून भागत नाही. कुठे शोधले, कोणी शोधले, शेवटची नोंद कोणत्या तारखेची, हे प्रतिज्ञापत्रात यावे. बदली झालेल्या अधिकाऱ्याने कार्यभार देताना फाईलींची यादी न देणे हे इथले जुने दुखणे आहे. जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी 2022 मध्ये निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्य आयोग नेमावा लागला. जमिनीच्या अशा प्रकरणांत पोर्तुगीज काळातले दस्त येतात, तेव्हा भाषांतरासोबत मूळ पानाची प्रमाणित प्रत द्यावीच. नुसत्या भाषांतरावरून बनावट ओळखू येत नाही.

काही कागद रोखून धरता येतात. राज्यकारभाराशी संबंधित अप्रकाशित अभिलेख (साक्ष्य अधिनियम, कलम 129), विश्वासाने मिळालेली शासकीय माहिती (कलम 130) आणि मंत्रिमंडळाने राज्यपालांना दिलेला सल्ला (संविधान, अनुच्छेद 163(3)) यांसाठी विशेषाधिकार सांगता येतो. मात्र तो मंत्र्याने किंवा खातेप्रमुखाने, ते कागद स्वतः वाचून, प्रतिज्ञापत्रावर सांगायचा असतो. ‘गोपनीय’ असा शिक्का एवढ्यासाठी पुरत नाही. 1981 च्या एस. पी. गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांच्या नेमणुकीवरचा पत्रव्यवहारही उघड करायला लावला होता.

आयोगापुढच्या साक्षीत केलेले विधान खोट्या साक्षीचा खटला सोडून अन्यत्र साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही (चौकशी आयोग अधिनियम, कलम 6). कलमातला शब्द विधानाचा आहे; आधीपासून अस्तित्वात असलेल्या टिपणाला वा संदेशाला ते कवच आहे असे कोणी गृहीत धरू नये.

ज्याच्या प्रतिष्ठेला बाधा येऊ शकते त्याला आपली बाजू मांडण्याची, उलटतपासणीची आणि वकील देण्याची संधी याच अधिनियमाची कलमे 8ब व 8क देतात. शहा आयोगाच्या बाबतीत नेमके हेच आडवे आले. ही संधी न देता काढलेल्या निष्कर्षांवरून खाणपट्टेधारकांवर खटले भरण्याचा आदेश देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात म्हटले. तेव्हा खात्याने सादर केलेल्या कागदांची यादी आणि प्रती बाधित व्यक्तीला वेळेत मिळाल्या की नाहीत, हे आयोगाच्या सचिवाने रोजनाम्यात तारीखवार नोंदवून ठेवावे.