डिप्रेशनची गोळी ‘लागू पडत नाही’ म्हणण्याआधी

“दोन महिने झाले, काही फरक नाही, दुसरी गोळी द्या.” हे आमच्या काउंटरवर नेहमीचं. कोणती गोळी, किती एमजी, असं विचारलं की खिशातून स्ट्रिपचा कापलेला तुकडा निघतो. नाव अर्धं, एमजीचा आकडा कात्रीत गेलेला. ओळख पटेपर्यंत मागे रांग लागते. जुन्या पावत्या काढल्या तर साठ दिवसांत तीसच गोळ्या गेलेल्या!

ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात कळत नाही. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन यांना पुऱ्या डोसने, रोज, साधारण 4 ते 6 आठवडे द्यावे लागतात. मळमळ मात्र पहिल्या आठवड्यातच होते, आणि तिथेच माणूस दिवसाआड घ्यायला लागतो. अशा गोळीला नापास कसं करणार? दोन वेगवेगळी औषधं पुऱ्या डोसने, पुरेसे दिवस घेऊनही गुण आला नाही, तरच सहसा आजार औषधाला दाद देत नाही असं धरतात.

पहिल्या गोळीने पूर्ण बरं न वाटणं यात नवल नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासातही पहिल्या गोळीने पूर्ण बरं साधारण तिघांत एकालाच वाटलं. पुढे डॉक्टर डोस वाढवतात, औषध बदलतात, लिथियम किंवा अॅरिपिप्राझोलची जोड देतात, समुपदेशन सुचवतात. थायरॉइड तपासतात, दारूबद्दल विचारतात. तिथे खरं सांगा. गरज पडली तर शॉकचा उपचारही असतो. त्याला लोक उगाच घाबरतात, तो आता भूल देऊन करतात.

पण हे सगळं ठरतं एका हिशेबावर: कोणती गोळी, किती एमजी, किती दिवस, किती चुकल्या. तो हिशेब आमच्याकडे निम्मा तयार असतो. तुमच्या नावावरच्या पावत्यांची यादी फुकट छापून देतो, ती डॉक्टरांना दाखवा. सात खणांची डबीही ठेवतो. स्वस्त आहे आणि खाडे लगेच दिसतात.

चिठ्ठीशिवाय गोळी बदलून मिळणार नाही. “पलीकडचा देतो,” असं ऐकवतात. देत असेल. ही औषधं शेड्यूल एचमधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतली. घबराटीवरची अल्प्राझोलाम तर एच-वन या आणखी कडक यादीतली, तिच्या विक्रीचं रजिस्टर आम्हाला 3 वर्षं जपावं लागतं. गोळी मनाने एकदम बंदही करू नका, चक्कर येते, अंगात झटके आल्यासारखं वाटतं.

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर मात्र हिशेबात अडकू नका. लगेच डॉक्टरांना गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. तो फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.