सिंहस्थ आणि घरांचे भाव

कुंभमेळ्यामुळे नाशिकमधील घरे महागतात, हा समज जुना आहे. प्रत्यक्षात साधू-महंत तपोवनातील तात्पुरत्या साधुग्रामात उतरतात आणि भाविक स्नान करून परततात. फ्लॅट घेण्यास कोणी येत नाही. २००३ व २०१५ या दोन सिंहस्थांच्या मधल्या काळातही भाव चढतच होते. खरे कारण जमिनीत आहे: मागणी वाढली तरी शहराच्या कडेचा मळा बिनशेती होऊन तेथे रस्ता, पाणी आणि ड्रेनेज पोहोचेपर्यंत वर्षे जातात, आणि तोवर जमीनमालक उद्याच्या फ्लॅटला मिळू शकणारा भाव हिशेबात धरूनच आजची किंमत सांगतो, जी बिल्डर अखेर ग्राहकाकडूनच वसूल करतो. सिंहस्थासाठी रुंद केलेले रस्ते मात्र मेळ्यानंतरही राहतात व लगतच्या जमिनी महाग करतात. त्या समजुतीत तथ्य आहे ते एवढेच.