रस्ता गाड्यांचा कसा झाला

ऑक्टोबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून दहा हजार मुलांची मिरवणूक निघाली. त्यातली १,०५४ मुलं वेगळ्या तुकडीत चालत होती. आदल्या वर्षी शहरात अपघातांत जितकी मुलं दगावली, तितकीच ही. त्याच वर्षी बाल्टिमोर शहराने अपघातांत गेलेल्या १३० मुलांसाठी लाकूड आणि प्लास्टरचा स्मारकस्तंभ उभारला.

रस्त्यावरचं मरण तेव्हा नित्याचं झालेलं नव्हतं. रस्ता फेरीवाल्यांचा, ट्रामचा, खेळणाऱ्या पोरांचा होता आणि मोटार नवखी होती. मूल चिरडलं तर लोक चालकाच्या अंगावर धावून जात. अशा मरणाला ‘चालतंय’ म्हणण्याची सवय पुढे लावली गेली, आणि ती कोणी लावली याची नोंद आहे.

१९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२,००० नागरिकांनी एका मागणीवर सह्या केल्या: शहरातल्या प्रत्येक मोटारीचा वेग ताशी २५ मैलांवर, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरवर, रोखणारं यंत्र बसवा. मोटार विक्रेते हादरले, कारण गिऱ्हाईक वेगासाठीच येत होतं. त्यांनी विरोधात जोरदार मोहीम उघडली आणि मतदानात प्रस्ताव सपशेल आपटला. पण उद्योग सावध झाला होता. मोटार उत्पादकांच्या संघटनेने वर्तमानपत्रांसाठी बातमीसेवा सुरू केली: वार्ताहराने अपघाताचा तपशील कळवायचा आणि तयार मजकूर परत घ्यायचा. त्यात चूक बहुधा पायी चालणाऱ्याची निघे. शाळांमधले सुरक्षेचे धडे मोटार क्लबांकडे गेले. कुठूनही रस्ता ओलांडणाऱ्याला चारचौघांत खेडवळ म्हणून हिणवलं जाऊ लागलं. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांना वेसण घालणारे नियम केले. तीन वर्षांत त्याच धर्तीची नमुना नियमावली अमेरिकेतल्या शहरांपुढे ठेवली गेली.

ही सवय मोडताही येते. नेदरलँड्समध्ये १९७१ साली तीन हजारांहून अधिक माणसं रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये लेख लिहिला. ‘बालहत्या थांबवा’ हा त्याचा मथळाच चळवळीचं नाव बनला. आईबाप अपघाताच्या जागा अडवून बसले, गल्लीत टेबलं मांडून जेवले, रस्ते बंद करून पोरांना खेळायला सोडलं. १९७६ मध्ये तिथल्या कायद्याने वस्तीतले ठरावीक रस्ते असे मानले की तिथे गाडीनेच माणसाच्या चालीने जायचं.

आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी, म्हणजे रोज नव्वद. पेपरात ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार’ अशा चार ओळी येतात आणि आपण पान उलटतो. अशा मृत्यूंना सर्रास लागणारं ३०४-अ हे कलम दंडसंहितेत १८७० साली आलं, मोटार जन्मण्याच्याही आधी. कमाल शिक्षा दोन वर्षं. ३० जून २०२४ पर्यंत तेच कलम लागू होतं. नव्या भारतीय न्याय संहितेत ही शिक्षा पाच वर्षं झाली. धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद मात्र जानेवारी २०२४ मधल्या वाहनचालकांच्या संपानंतर थांबवली गेली.

शिक्षा हवीच, पण तिने फुटपाथ तयार होत नाही. पालिका फुटपाथ अरुंद करते, त्यावर विजेचे डीपी बॉक्स बसवते, उरलेल्या जागेत दुचाक्या लागतात. म्हातारी माणसं मग वाहत्या रस्त्यावर उतरतात, आणि धडक बसली की विचारलं जातं, ‘मधे कशाला आले?’ हा प्रश्न मला अत्यंत निर्दयी वाटतो.

कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये रस्ते सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच प्रकरणात मे २०२५ मध्ये न्यायालयाने चालण्यायोग्य फुटपाथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पादचाऱ्यांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनेच मिळाला होता. ते नियम सहा महिन्यांत करा, असं न्यायालयाला ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना बजावावं लागलं.